घराबाहेरचा दिवा : कोठे लावावा, कसा लावावा



बेणे, खत, पाणी आणि तोडणीचा कार्यक्रम हे आपल्या या पानांचे नेहमीचे विषय. या वेळी विषय थोडा घरगुती घेतला आहे. घरगुती म्हणून वरवर वाचून सोडून देऊ नका, कारण तो माणसाच्या जिवाशी जोडलेला आहे. विषय आहे घराबाहेरच्या दिव्याचा. ओट्यावरचा, फाटकावरचा, गोठ्यातला आणि मळ्यातल्या विहिरीवरचा.

उसाचा पैसा हाती आला की घराला रंग निघतो, अर्धवट राहिलेला मजला पुरा होतो आणि बाहेर नवे दिवे लागतात. त्यात वावगे काहीच नाही. कष्टाच्या पैशाचे घर उजळून दिसावे असे कोणाला वाटणार नाही? पण आम्ही गटागटांतून संध्याकाळी हिंडतो तेव्हा एक गोष्ट सारखी नजरेस येते. दिवे वाढले, उजेड वाढला, तरी ठेच लागायची ती लागतेच.

तापीकाठच्या एका गावात एका सभासदाच्या नव्या घरी गेलो होतो. फाटकाच्या दोन्ही खांबांवर पांढरे गोल दिवे आणि गच्चीच्या कोपऱ्यावर शंभर वॅटचा फ्लड. लांबून घर लग्नघरासारखे दिसत होते. घरातल्या आजीबाई मात्र ओट्याच्या पायऱ्या भिंत चाचपत उतरत होत्या. आम्ही हात दिला तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, दिवा शे, पन पायरी दिखत नही."

आजीबाईंचे खरे होते. गच्चीवरच्या दिव्याचा उजेड छज्जाने अडवला होता, म्हणून पायऱ्यांवर छज्जाची काळीभोर सावली पडली होती. समोरच्या फाटकावरचे गोळे सरळ डोळ्यांत जात होते, त्यामुळे सावली आणखीच काळी वाटत होती. तीन दिवे होते, पण एकही पायरीसाठी नव्हता. या लेखात आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच : घराबाहेरचा दिवा लोकांना दिसावा म्हणून लावायचा नसतो, आपल्याला पाय ठेवायची जागा दिसावी म्हणून लावायचा असतो.

कंदिलाने काय शिकवले

राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले. भुसावळजवळ दीपनगरचे वीज केंद्र उभे राहिले आणि पुढच्या वर्षांत खानदेशच्या खेड्याखेड्यांत तारा पोचल्या. त्याआधी ओसरीच्या खुंटीला कंदील असे. कराडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील आपल्याकडच्या जुन्या माणसांना अजून आठवतो. त्याचा उजेड आजच्या मानाने काहीच नव्हता. पण तो हातात धरला की गुडघ्यापाशी असायचा आणि त्याचा सगळा उजेड पावलापुढच्या दोन-तीन हातांवर पडायचा. रात्री निघालेल्या बैलगाडीच्या आसाखाली कंदील टांगत, तोही याच हिशोबाने.

वीज आली आणि दिवा हातातून निघून खांबावर चढला. उजेड पन्नास पटींनी वाढला, पण पायापासून दूर गेला. आता पुन्हा कंदील घ्या असे कोणी म्हणणार नाही. मात्र कंदिलाची रीत, म्हणजे खाली, जवळ आणि डोळ्यांआड, ही विजेच्या दिव्यालाही लावता येते.

उजेडाचे साधे गणित

दिवा जितका उंच न्याल तितका खाली पडणारा उजेड झपाट्याने कमी होतो. दिवा ८ फुटांवर आहे तो १६ फुटांवर नेला, तर उंची दुप्पट झाली, पण खालचा उजेड निम्मा न होता चौथा हिस्सा उरतो. म्हणून उंच खांबावरच्या मोठ्या दिव्यापेक्षा आठ-नऊ फुटांवरचे दोन लहान दिवे जास्त काम देतात.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. लख्ख उजेडातून एकदम अंधारात गेलो, की डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. अंगणात फ्लड लावून बसलेला माणूस उठून गोठ्याकडे निघाला, की पहिली काही मिनिटे तो जवळजवळ आंधळाच असतो. म्हणून अंगणात फार प्रखर आणि पलीकडे गुडूप, असे करू नये. उजेड बेताचा असावा, पण वाटभर असावा.

तिसरे, दिव्याला वरून आणि बाजूने टोपी हवी. उघडा बल्ब किंवा पांढरा गोळा निम्मा उजेड आभाळाला आणि समोरच्याच्या डोळ्यांना वाटून टाकतो. पत्र्याची साधी टोपी घातली की तोच उजेड जमिनीवर येतो. टोपीवाले दिवे एका वाटेवर लावायचे असतील, तर दिव्याच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतरावर दुसरा लावावा. आठ फूट उंची असेल तर सुमारे चोवीस फुटांवर.

कोठे लावावा

पहिला दिवा पायऱ्यांचा. तो छज्जाच्या खाली, भिंतीवर किंवा छताला असावा, म्हणजे मध्ये सावली पडणार नाही. ओट्याला तीनच पायऱ्या असल्या तरी प्रत्येक पायरीची कड वेगळी दिसली पाहिजे. कडेला चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा दोन बोटे पट्टा ओढा. याला वीज लागत नाही.

दुसरा दरवाज्याचा. दोन्ही बाजूंना लावायचे नसतील तर एकच दिवा कडी-कुलपाच्या बाजूला लावा, बिजागरीच्या बाजूला नको. उंची सहा-साडेसहा फूट. आलेल्या माणसाचा चेहरा दिसतो आणि कुलपाचे भोकही सापडते. शोभेचा पितळी वा काळा कंदील हौसेने घ्यायचा असेल, तर त्याची उंची दरवाज्याच्या पाव ते एक-तृतीयांश ठेवा. सात फुटी दरवाज्याला पावणेदोन ते सव्वादोन फुटांचा कंदील शोभतो. दुकानात मोठा दिसणारा कंदील उंच भिंतीवर चिमणीएवढा दिसतो, म्हणून घरून माप घेऊनच जा.

तिसरा मोरी, नळ आणि संडासच्या वाटेचा. घरातली म्हातारी माणसे आणि मुले रात्री सर्वांत जास्त वेळा याच वाटेने जातात, आणि बहुतेक घरांत अंधार असतो तो येथेच. या दिव्याचे बटण घराच्या आत, अंथरुणावरून उठल्याबरोबर हात पोचेल असे हवे. दिवा बाहेर आणि बटणही बाहेर, म्हणजे अंधारात चालत जाऊन मग उजेड करायचा. दोन्ही टोकांना बटण बसवता येते. वायरमनला 'टू-वे' म्हणून सांगा.

चौथा गोठ्याचा. बैल-म्हशींच्या शिंगांना लागणार नाही अशा उंचीवर, जाळी असलेला. कडब्याची आणि वाळल्या वैरणीची गंजी दिव्यापासून आणि तारेपासून लांब ठेवा.

पाचवा विहिरीचा. मळ्यातल्या विहिरीला कठडा नसेल तर आधी कठडा बांधा, मग दिव्याचे बघा. दिवा विहिरीच्या तोंडाकडे आणि पंपाच्या पेटीकडे उजेड देईल असा लावावा. शेतीपंपाची वीज पाळीने कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रपाळीचे पाणी धरणाऱ्याने या दिव्यावर विसंबू नये. हातात बॅटरी, पायात बूट आणि दुसऱ्या हातात काठी हवीच.

फाटकावरचा दिवा सर्वांत शेवटी. तो रस्त्याकडे तोंड करून लावू नका. हंगामात रात्रभर उसाचे ट्रॅक्टर आणि गाड्या रस्त्याने असतात. घरावरचा फ्लड चालकाच्या डोळ्यांवर आला, तर पुढची गाडी आणि वाटेतला माणूस त्याला दिसत नाही. आपल्या घराच्या शोभेपायी दुसऱ्याच्या घरात अंधार होऊ नये.

कोणता घ्यावा

जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बाएवढा उजेड ९ वॅटचा एलईडी देतो. रोज बारा तास जळला तर महिन्याला जुना बल्ब साडेएकवीस युनिट खाई. एलईडी सव्वातीन युनिटांत भागवतो. २०१५ साली केंद्र सरकारची 'उजाला' योजना आली तेव्हापासून हे दिवे घरोघर झाले आहेत. पण स्वस्त पडतो म्हणून शंभर वॅटचा एलईडी फ्लड रात्रभर चालू ठेवला, तर महिन्याला ३६ युनिट होतात. काटकसर तेथेच संपली. पायरीला, वाटेला ५ ते ९ वॅट पुरतात. फ्लड लागतोच तर खळ्यावर, काम चालू असेपर्यंत.

खोक्यावर 'आयपी' लिहून दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. छज्जाखाली ४४ चालतो. उघड्यावर, पावसात ६५ घ्यावा, म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा झोत लागला तरी बिघडत नाही. धाब्याच्या घराला दिवा पन्हळाखाली कधीही लावू नका.

आपल्याकडचे ऊन ही वेगळीच परीक्षा आहे. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. प्लॅस्टिकचे आवरण दोन उन्हाळ्यांत पिवळे पडते आणि तडकते. एलईडीचे खरे दुखणेही उष्णता हेच आहे. दिवा गरम राहिला की आतला सर्किटचा भाग लवकर जातो. म्हणून अॅल्युमिनियमच्या अंगाचा दिवा घ्या आणि जमेल तर पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारच्या उन्हात लावू नका. लोखंडी कंदील गंजतो. घेतलाच तर दरवर्षी पावसाळ्याआधी रंगाचा हात द्या.

सौर दिव्याचीही आता चांगली सोय आहे. आपल्या साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला, तो खानदेशात ऊन भरपूर म्हणूनच. घरच्या सौर दिव्याची काच दक्षिणेकडे तोंड करून थोडी तिरपी ठेवा. निंबाच्या सावलीत तो भरणार नाही. ग्रामपंचायतीच्या दिव्याखाली लावला तर त्याला अजून दिवसच आहे असे वाटते आणि तो पेटतच नाही. काच आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा. सतत ढगाळ दिवस आले की त्याचा भरवसा धरू नका.

किडे, हुमणी आणि साप

उजेडाचा रंग हाही विचार करण्यासारखा आहे. पांढऱ्या-निळसर उजेडाकडे किडे जास्त येतात, पिवळसर उजेडाकडे कमी. खोक्यावर ६५०० के लिहिले असेल तर तो निळसर, २७०० किंवा ३००० के असेल तर पिवळसर. अंगणाला पिवळसरच घ्या.

किड्यांचा त्रास जेवणात पडतात एवढाच नाही. दिव्यावर किडे येतात, किड्यांवर बेडूक आणि पाली येतात, आणि त्यांच्या मागावर साप येतो. दिवा उंबरठ्यावरच असेल तर हा सगळा मेळा उंबरठ्यावर भरतो. म्हणून दरवाज्याचा दिवा बेताचा, आणि गरज नसेल तेव्हा बंद.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने गेली. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि बहुतेक खेड्यांतले. मण्यार रात्रीच हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. घोणस पाचटात आणि बांधावर पडून असते, पाय पडला की डसते. पायापुढचे दोन हात दिसले असते तर यातले कितीतरी जीव वाचले असते. दंश झालाच तर आवळून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला भाग न हलवता माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्या. विषावरची लस तेथेच मिळते.

याच दिव्याचा उसाला मात्र एक फायदा करून घेता येतो. मे-जूनमध्ये पहिला पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर निघतात आणि निंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमतात. त्या दिवसांत अंगणातले प्रखर दिवे बंद ठेवा आणि एक दिवा झाडाजवळ टांगून त्याखाली रॉकेल घातलेल्या पाण्याचे घमेले ठेवा. अंधार पडल्यापासून दोन-तीन तास पुरतात. एका भुंगेऱ्याची मादी मेली म्हणजे तिची पुढची पिलावळ मुळाशी लागायची वाचली. एकट्याने करून भागत नाही, शिवाराने मिळून केले तर गुण येतो.

आता बिबट्याविषयी. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, ते आपण विसरलेलो नाही. उसात बिबट्या राहतो हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. बरेच जण म्हणतात, मोठा दिवा लावला म्हणजे येत नाही. असे धरून चालू नका. तो उजेडाला सरावतो. जनावरे वाचवायला गोठा चहूबाजूंनी बंदिस्तच लागतो. दिव्याचा उपयोग एवढाच, की बाहेर पाऊल टाकण्याआधी आपल्याला समोरचे दिसते.

तार जिवावर बेतू नये

पायरी दिसावी म्हणून लावलेल्या दिव्यानेच माणूस गेला, असे होता कामा नये. कपडे वाळत घालायची तार आणि दिव्याची तार कधीही एकत्र नेऊ नका. वायरचे आवरण घासून जाते, तारेत वीज उतरते, आणि ओले लुगडे टाकायला गेलेली बाई तेथेच चिकटते. पत्र्याच्या छपरावरून उघडी वायर नेली तर सबंध पत्रा धरतो. वायर पाइपातून न्या. जमिनीखालून न्यायची असेल तर दीड-दोन फूट खोल, पाइपात घालून. जोड उघड्यावर ठेवू नका, डबीत बंद करा. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते, म्हणून खांबाचा पाया खोल आणि सिमेंटचा घ्या, नाही तर खांब कलतो आणि वायर ताणून तुटते.

अर्थिंग हवेच. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. आणि घराच्या मुख्य पेटीत ३० मिलिअँपियरचे आरसीसीबी बसवून घ्या. वीज अंगातून जमिनीत जाऊ लागली की ते डोळ्याचे पाते लवण्याआधी प्रवाह तोडते. शोभेच्या कंदिलापेक्षा आधी हे घ्या. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. आकडा टाकून दिवाळीची माळ लावू नका.

मळ्यातल्या कोप्या

जाता जाता एक सांगायचे राहते. तोडणीच्या टोळ्या आपल्या मळ्याजवळ कोप्या घालतात. त्यांची लेकरे पाचटावर, जमिनीवर निजतात आणि बाया पहाटे चारला अंधारात चूल पेटवतात. आपला ऊस वेळेवर कारखान्यात पोचतो तो त्यांच्या हातांनी. कोप्यांच्या तोंडाशी एक सौर दिवा खांबाला बांधून दिला तर खर्च फार नाही. हंगाम संपला की दिवा आपल्याच गोठ्याला.

एकदा असे करून पाहा

वाचून झाले की आज रात्री एक काम करा. घराबाहेरचे सगळे दिवे लावा आणि फाटकाबाहेर जाऊन उभे राहा. घर कसे दिसते ते बघू नका. आपल्या आईच्या किंवा आजीच्या चालीने, खाली बघत, फाटकापासून दरवाज्यापर्यंत या. मग दरवाज्यापासून मोरीपर्यंत जा, मोरीपासून गोठ्यापर्यंत. जेथे पाऊल टाकताना मन कचरले, तेथे खडूने खूण करा. जेथे डोळ्यांवर हात धरावा लागला, तेथे दुसरी खूण करा. पहिल्या खुणेवर दिवा हवा, दुसऱ्या खुणेवर टोपी हवी.

त्या तापीकाठच्या घरी आम्ही पुन्हा गेलो होतो. फ्लड उतरवून खळ्यावर नेला होता आणि छज्जाखाली सात वॅटचा टोपीचा दिवा लागला होता. लांबून घर आता लग्नघरासारखे दिसत नाही. पण आजीबाई ओट्यावरून उतरून, भिंतीला हात न लावता, आमच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.